तेवीस जुन्या डब्या

थोरलीला कुणी विचारलं असतं, की बाई, तुझं दुखतंय काय, तर तिने गुडघे दाखवले असते. अठरा वर्षं इस्पितळाचे चार मजले चढल्या-उतरल्यावर गुडघे दुखणारच, आणि त्या दुखण्यात थोडा मानही होता. पोटातलं दुखणं मात्र सांगण्यासारखं नव्हतं. ते धाकट्या जावेमुळे सुरू झालं होतं आणि त्यावर इस्पितळातल्या एकाही डॉक्टरकडे औषध नव्हतं.

आधी डब्यांचं सांगायला हवं. इस्पितळात दोनशे बारा डब्या होत्या. डबी म्हणजे पडद्याच्या पाठीला अडकवलेलं, पातळ पुस्तकाएवढं काळं यंत्र. कागदोपत्री त्याला थिन क्लायंट म्हणत, पण नर्सपासून शिपायापर्यंत सगळे डबीच म्हणायचे. डबीला स्वतःची अक्कल नसते. रुग्णांची नावं, तपासण्या, औषधं, सगळं तळघरातल्या सर्व्हरवर. डबी फक्त तिथलं इथे दाखवते आणि इथलं तिथे पोचवते. अक्कल नसल्यामुळे ती फारशी बिघडतही नाही, असं साहेब म्हणत. साहेब म्हणजे संगणक विभागाचे प्रमुख. त्यांना डब्या सांभाळाव्या लागत नव्हत्या, म्हणून त्यांचं मत तसं होतं.

सांभाळायची थोरली. रोज सकाळी साडेसातला खिशात फडकं, छोटा स्क्रू-ड्रायव्हर आणि एक जादा वायर घेऊन ती फेरीला निघायची. बालविभागातली तिसरी डबी थंडीत उशिरा जागी होते, क्ष-किरण विभागातल्या दुसरीची मागची वायर जरा तिरकी बसवावी लागते, चौथ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातली तापते म्हणून तिच्यावर फाइल ठेवायची नाही, हे सगळं तिला पाठ होतं. ती वॉर्डात शिरली की नर्स आपली खुर्ची सोडून उभ्या राहायच्या. "डबीवाल्या ताई आल्या," असं कुणीतरी म्हणायचं. हे ऐकण्यासाठी ती आणखी चार मजले चढली असती.

आणि मग धाकटी आली. घरात ती दोन वर्षांपूर्वीच आली होती, दिराची बायको म्हणून. नेटवर्कच्या सुरक्षेचं शिकलेली होती. इस्पितळात तशी जागा निघाली तेव्हा अर्ज थोरलीनेच घरी आणून दिला, साहेबांकडे शब्दही टाकला. खरं सांगायचं तर त्यात प्रेम कमी आणि मिरवणं जास्त होतं. आपल्या मागे वायरींचं वेटोळं घेऊन चालणारी जाऊ तिने मनात रंगवून ठेवली होती. झालं उलटंच. धाकटीला साहेबांच्या शेजारची काचेची खोली मिळाली, आणि फेरीची तिला गरजच नव्हती. ती खुर्चीवरून न उठता सगळं इस्पितळ बघायची.

पहिल्याच आठवड्यात तिने एक यादी काढली. इस्पितळाच्या नेटवर्कला जोडलेली एक्केचाळीस यंत्रं अशी होती की ती आहेत हेच कुणाला माहीत नव्हतं. चादरींच्या खोलीत एक प्रिंटर होता. फाटकावरच्या कॅमेऱ्याला कारखान्यातून आला तेव्हाचाच पासवर्ड होता. प्रतीक्षागृहातल्या टीव्हीवरून थेट औषधांच्या नोंदींपर्यंत पोचता येत होतं. बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या. मग धाकटी डब्यांवर आली.

"दोनशे बारा कुलपं आहेत आणि किल्ली एकच," ती म्हणाली. "तीही पायपुसण्याखाली ठेवलेली."

सगळे हसले. सगळ्या डब्यांचा तो एकच पासवर्ड थोरलीने अठरा वर्षांपूर्वी ठेवला होता. तिच्या मुलीचं लाडाचं नाव, पुढे एक-दोन-तीन. निम्म्या नर्सना तो तोंडपाठ होता. धाकटीला तो कुणाचा आहे हे माहीत नव्हतं असं नाही. घरात ते नाव दिवसातून वीसदा ऐकू यायचं. तिने कुणाचं नाव घेतलं नाही, थोरलीकडे बघितलंही नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, भांडायला तरी काही मिळालं असतं. थोरली हसणाऱ्यांबरोबर हसली आणि दिवसभर तिचे कान गरम राहिले.

घरी तरी सुटका असावी! तिथे सासूबाई होत्या. सासूबाईंना डबी म्हणजे काय हे अठरा वर्षांत कळलं नव्हतं, कारण त्यांनी विचारलंच नव्हतं. थोरली दमून आली की त्या म्हणायच्या, "आलीस? भाजी चिरायची राहिलीये." धाकटी आली की म्हणायच्या, "आज किती चोर पकडलेस गं?" धाकटी हसून दोन गोष्टी सांगायची आणि सासूबाई गालाला हात लावून ऐकायच्या. थोरली भाजी चिरत असायची. सुरी पाटावर जरा जोरातच वाजायची.

"तुला राग आलाय का?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"मला कशाचा राग येणार? मी काय काचेच्या खोलीत बसते?"

नवरा शहाणा होता. तो लसूण सोलायला बसला.

महिन्याच्या सुरुवातीला साहेबांनी दोघींना बोलावलं. दुसऱ्या एका इस्पितळात चोरट्यांनी अशाच एका विसरलेल्या यंत्रातून आत शिरून सगळ्या फायलींना कुलूप ठोकलं होतं, आणि वरचे लोक घाबरले होते.

"डब्या, प्रिंटर, कॅमेरे, सगळं एकाच माणसाच्या हाताखाली हवं," साहेब म्हणाले. "महिनाअखेर ठरवू कोण ते. दुसरीने तिच्या हाताखाली काम करायचं. घरचं नातं मध्ये आणायचं नाही."

म्हणजे दोघींपैकी एक वर आणि एक खाली. आणि संध्याकाळी दोघी एकाच ओट्याशी. थोरलीने डोळ्यांसमोर आणून बघितलं: धाकटी काचेतून बोट दाखवतेय, ताई, दुसऱ्या मजल्यावर जाऊन या जरा. त्या विचाराने तिचा घास दोन दिवस घशाखाली उतरेना.

धाकटीची परीक्षा ठरली ती डब्यांमधल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर. रविवारी दुपारी, बाह्यरुग्ण विभाग बंद असताना, ती सगळ्या दोनशे बारा डब्यांना तळघरातून एकदम नवी आवृत्ती पाठवणार होती. प्रत्येक डबीला वेगळा पासवर्ड मिळणार होता. सोमवारपासून जुन्या आवृत्तीच्या डबीला सर्व्हर आत घेणार नव्हता. हेच काम थोरली फेरी मारून करायची तेव्हा पाच आठवडे लागायचे. दुपारभरात झालं, की महिनाअखेरची वाट बघायचं कारणच उरणार नव्हतं.

पण दोनशे बारांपैकी तेवीस डब्या जुन्या होत्या. नोंदणीवर, रक्ततपासणीला आणि औषधाच्या खिडक्यांवर. डबीला आतून एक कुलूप असतं. दिवसभरात कुणी काहीही बदललं तरी बंद करून चालू केली की ती सगळं विसरून पहिल्यासारखी होते. कुणी चुकून काही बिघडवलं तर ते बरंच असतं. पण नवं काही कायमचं बसवायचं, तर आधी ते कुलूप काढावं लागतं आणि काम झाल्यावर पुन्हा लावावं लागतं. नव्या डब्यांचं कुलूप तळघरातून हुकूम आला की निघतं. जुन्या तेवीस डब्या हुकूम ऐकल्यासारखं करायच्या, "झालं" असा निरोपही पाठवायच्या, आणि करायच्या काहीच नाहीत. त्यांच्यासमोर बसून, चालू होता होता दोन कळा एकत्र दाबून, हातानेच कुलूप काढावं लागायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. जुन्या डब्या बनवणाऱ्यांचं दुकानही कधीच बंद झालं होतं. हे माहीत होतं ते एकट्या थोरलीला.

शुक्रवारी दुपारी दोघी जेवायला बसल्या. दोघींचे डबे थोरलीनेच भरले होते. घरात ते काम तिचं होतं.

"ताई, एक विचारू?" धाकटी म्हणाली. "त्या जुन्या तेवीस डब्या आहेत ना, औषधाच्या खिडकीवरच्या वगैरे, त्यांचं काही वेगळं आहे का? पडद्यावर तर सगळ्या तयार दिसतायत. पण जुन्या आहेत, म्हणून तुम्हाला विचारलं."

थोरलीच्या तोंडात घास होता. घास चावायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिला मिळाला. पुढे तिने स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलं की आपण गडबडीत बोलून गेलो. ते खरं नव्हतं. घास तिने नीट बत्तीस वेळा चावला होता.

"काही वेगळं नाही," ती म्हणाली. "सगळ्या सारख्याच."

"नक्की ना?"

"अगं, अठरा वर्षं मी काय गवत उपटत होते?"

धाकटी ओशाळली. "तसं नाही हो ताई. तुमच्याशिवाय विचारणार कुणाला?" ती म्हणाली आणि कागदावर काहीतरी खूण केली. तिच्या ओशाळण्याने थोरलीला फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जेवण अंगी लागल्यासारखं वाटलं.

रविवारी दुपारी थोरली गच्चीवर कपडे वाळत घालत होती तेव्हा दीर जिना चढून वर आला आणि ओरडला, "झालं! दोनशे बाराच्या दोनशे बारा. सगळीकडे हिरवा दिवा!" पाठोपाठ सासूबाई धापा टाकत आल्या. "एका दुपारात दोनशे! ऐकलंस का? नाहीतर तू. अठरा वर्षं जिने झिजवतेस."

थोरलीने चादर झटकली. "हो ना," ती म्हणाली. "हुशारच आहे ती." आणि मनात म्हणाली, उद्या सकाळी आठला बघू.

सोमवारी सकाळी ती गुणगुणत कामावर गेली. आठ वाजून पाच मिनिटांनी पहिला फोन आला. औषधाची खिडकी. डबी चालू होतेय, नवी आवृत्ती बसवतेय, आपणहून बंद होतेय, पुन्हा चालू होतेय, पुन्हा तेच बसवतेय. दुसरा फोन नोंदणीचा. तिसरा रक्ततपासणीचा. तेवीसच्या तेवीस डब्या घाण्याला जुंपल्यासारख्या गोल गोल फिरत होत्या. बसवायचं, बंद व्हायचं, विसरायचं, पुन्हा बसवायचं.

"ताई, तुम्ही येताय ना?" खिडकीवरचा औषधवाला कळवळून म्हणाला.

"आता ते माझ्याकडे नाही हो," थोरली म्हणाली. किती गोड आवाजात म्हणाली! "आता सगळं काचेच्या खोलीतून होतं. तिथे विचारा."

असं तिने सहा जणांना सांगितलं. सातव्या फोनला उत्तर न देता ती स्वतःच्या डोळ्यांनी मजा बघायला खाली गेली. मजा बघायला गेलेल्या माणसाने रांग बघू नये. रांग खिडकीपासून फाटकापर्यंत पोचली होती. लोक पायऱ्यांवर, कुंड्यांच्या कडांवर बसले होते. खिडकीजवळ एक म्हातारी दम्याचा रिकामा पंप हातात धरून उभी होती आणि तिच्या छातीतली घरघर चार पावलांवरून ऐकू येत होती. औषधवाल्याने शेवटी नियम गुंडाळून ठेवले आणि नोंद न करताच तिला नवा पंप दिला. म्हातारीने तिथेच दोन झुरके घेतले आणि भिंतीला टेकून खाली बसली. थोरलीने तिथली खुर्ची ओढली, डबी बंद केली, चालू केली आणि दोन कळा दाबल्या.

तेवीस डब्या, एकेकीला पाच मिनिटं. धाकटी धावत आली तेव्हा थोरली दुसऱ्या डबीवर होती. धाकटीने केस बांधले नव्हते आणि तिचा चेहरा उतरला होता. थोरलीच्या मागे उभं राहून ती बघत राहिली, कागदावर लिहीत राहिली. तिसऱ्या डबीला ती हळूच म्हणाली, "दोन कळा. हाताने."

"हो."

"प्रत्येक वेळी असंच करत आलात?"

मान वर करून बघायची थोरलीची हिंमत झाली नाही. चौथ्या डबीची कळ दाबताना बोट चुकलं आणि ते काम तिला पहिल्यापासून करावं लागलं. लोक मात्र मागे टाळ्या वाजवायचेच काय ते बाकी होते. एकेक खिडकी चालू झाली की "ताई होत्या म्हणून!" असा आवाज उठायचा. तेवीस डब्या होईपर्यंत दहा वाजून गेले. महिनाभर जे ऐकायला तिचा जीव तहानला होता ते सगळं त्या दोन तासांत तिच्या कानांवर पडलं.

अकराला साहेबांनी दोघींना बोलावलं. साहेब चिडले की हळू बोलायचे. आज ते अगदी हळू बोलत होते.

"जुन्या डब्यांचं कुलूप हाताने काढावं लागतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?" त्यांनी धाकटीला विचारलं.

थोरलीने समोरच्या टेबलावरच्या पेपरवेटकडे नजर लावली. आता ती सांगणार. विचारलं होतं, ताईंनी नाही म्हणून सांगितलं. आणि आपण काय म्हणणार? असं काही विचारलंच नव्हतं म्हणणार. साक्षीला कुणी नव्हतं. थोरलीने हे उत्तर सकाळपासून मनात घोटून ठेवलं होतं.

"माहीत होतं," धाकटी म्हणाली. "ताईंनी शुक्रवारीच सांगितलं होतं. माझ्याकडून राहून गेलं."

साहेबांनी थोरलीकडे बघितलं. थोरली पेपरवेटकडेच बघत राहिली. तोंड उघडायला तिला दोन क्षण पुरले असते, आणि ते दोन क्षण गेले.

"मग ठरवायचं काय राहिलं?" साहेब म्हणाले. "आजपासून सगळी उपकरणं ताईंकडे."

संध्याकाळपर्यंत सगळ्या इस्पितळात बातमी पसरली. नर्सनी चहा मागवला, औषधवाल्याने हात जोडले. काचेच्या खोलीची किल्ली थोरलीच्या हातात आली. जिंकण्यात जिंकण्यासारखं जे जे काही असतं ते सगळं झालं, आणि ती घरी आली ती सासूबाईंचं तोंड बघायच्या ओढीने.

सासूबाई धाकटीच्या शेजारी बसल्या होत्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

"ऐकलं मी सगळं," त्या थोरलीला म्हणाल्या. "तुला बढती मिळाली, चांगलं झालं हो. पण हिचं काळीज बघ! भर खोलीत, साहेबांच्या तोंडावर, चूक माझी म्हणून सांगितलंन. एवढं कोण करतं आजकाल?"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. हरली ती हरली, आणि त्यातही कौतुक तिचंच! आयुष्यात कधी न केलेल्या चुकीबद्दल तिला शाबासकी, आणि ज्या चुकीची ती शाबासकी ती चूक आपली. तेवढीच एक गोष्ट खरोखर आपली होती, तीही हिने उचलून नेली. रात्री कूस बदलता बदलता तिचं ठरलं. उद्या जाऊन साहेबांना खरं सांगायचं. ह्यात पश्चात्ताप किती होता आणि हेवा किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पश्चात्ताप होता. पण काळीज आपल्यालाही आहे, हे कुणीतरी बघावं, ही घाई त्याहून मोठी होती.

मंगळवारी सकाळी फेरी न मारताच ती साहेबांपुढे उभी राहिली.

"साहेब, तिने मला शुक्रवारी विचारलं होतं. मी मुद्दाम नाही म्हणून सांगितलं. चूक तिची नाही, माझी आहे."

साहेबांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी चष्मा काढला.

"ताई, बसा," ते म्हणाले. "मी समजू शकतो. घरातली धाकटी जाऊ, तिच्या नावावर डाग नको, म्हणून तुम्ही हे अंगावर घेताय."

"नाही हो साहेब! मी खरंच..."

"ती तुमच्यावर काही ढकलत नाही, तुम्ही तिच्यासाठी खोटं बोलताय. जावा असाव्यात तर अशा! मी घरी बायकोला सांगणार आहे." आणि त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. थोरलीला तो प्यावा लागला. इतका बेचव चहा तिने कधी प्यायला नव्हता.

तिथून ती तरातरा काचेच्या खोलीत गेली. खोली आता तिची होती, पण धाकटी अजून तिथलं सामान आवरत होती. थोरलीने दार लावून घेतलं.

"साहेबांसमोर खोटं का बोललीस?"

धाकटीने वायर गुंडाळायची थांबवली नाही. "तुमच्यावर उपकार करायला नाही, ताई. तसं वाटून घेऊ नका."

"मग?"

"खरं सांगितलं असतं तर साहेबांनी तुम्हाला त्याच दुपारी घरी पाठवलं असतं. मग पुढे कुठे काही अडलं असतं तर मी विचारणार कुणाला? तेवीसचं कळलं, ते रांग लागली म्हणून कळलं. तुमच्या डोक्यात आणखी काय काय आहे, ते मला कुठे माहीत आहे?" तिने वायर पेटीत ठेवली आणि पहिल्यांदा थोरलीकडे सरळ बघितलं. तिचे डोळे सुजलेले होते, आवाज मात्र कोरडा होता. "उद्या तुम्ही आजारी पडलात, रुसून गेलात, तर इस्पितळ बंद? कॅमेऱ्याला पासवर्ड नसला तर मी त्याला धोका म्हणते. हाही धोकाच आहे. मला तुमचा राग आलाय, पुष्कळ आलाय. पण त्याचं नंतर बघू. आधी सगळं लिहून द्या."

"सगळं?"

"जे जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते सगळं. कामापुरतं. मग कुणाला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मी हाताखाली काम करेन."

धाकटी पेटी उचलून तळघरात गेली. थोरली खुर्चीवर बसली. लिहून द्या म्हणे! अशी सहज मागते, जसं काही मीठच मागतेय. दे, तुला देतेच, ती मनात म्हणाली. बघ तरी, कुणाशी गाठ आहे ते. तिने कपाटातून दोनशे पानांची कोरी वही काढली. एक पुरणार नाही म्हणून दुसरीही काढून ठेवली. पहिल्या पानावर तारीख घातली आणि झरझर लिहायला लागली.

तेवीस डब्यांचं कुलूप, दोन कळा, कोणत्या क्षणी दाबायच्या. बालविभागातली तिसरी. क्ष-किरण विभागातली तिरकी वायर. चौथ्या मजल्यावरची तापणारी. तळमजल्यावरच्या प्रिंटरला सोमवारी आधी एक कोरा कागद द्यायचा. प्रसूतिविभागातल्या भिंतीतली जोडणी कुठल्या फळीमागे आहे. वीज गेली तर कोणत्या डब्या आधी चालू करायच्या. एक पान भरलं. दुसरं अर्धं झालं आणि लेखणी थांबली.

तिने आठवून बघितलं. एकेक मजला मनातल्या मनात चढून बघितला. पहिल्या मजल्यावर ज्यांच्या खोड्या होत्या त्या डब्या तीन वर्षांपूर्वीच बदलल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरचं जे ती हाताने करायची ते आता तळघरातून आपोआप होत होतं. तिसऱ्यावर पुसायचं होतं, वायर खोचायची होती, "ताई आल्या" ऐकायचं होतं. वहीत लिहिण्यासारखं त्यात काही नव्हतं. तिने आणखी अर्धा तास विचार केला आणि आणखी दोन ओळी लिहिल्या. त्यातली एक खोडली, कारण ती वर येऊन गेली होती. दीड पान. बाकी सगळे जिने होते.

धाकटी परत आली. तिने वही घेतली आणि उभ्यानेच वाचायला लागली. सावकाश, एकेक ओळ नीट वाचत होती. तेवीस डब्यांच्या ओळीखाली तिने रेघ मारली, प्रसूतिविभागातल्या फळीपाशी मान हलवली. दुसऱ्या पानाच्या मध्यावर ती थांबली. पान उलटलं. ते कोरं होतं. तिने आणखी एक उलटलं. मग खुर्ची ओढून थोरलीच्या समोर बसली, खिशातून पेन काढलं आणि लिहून घ्यायला वाकली. चेष्टा करायची असती तर तिने वर तरी बघितलं असतं.

"हं, सांगा ताई," ती म्हणाली. "पुढचं?"

"एवढंच आहे," थोरली म्हणाली.